विसाव्याचे वेळापत्रक



मालवण तालुक्यातील आचरे गावची गावपळण या जिल्ह्यातील बहुतेकांच्या कानांवर आहे, आणि त्या भागात नोकरी केलेल्या पुष्कळांनी ती प्रत्यक्ष पाहिलीही असेल. दर चार वर्षांनी, भातकापणी आटोपल्यावर थंडीच्या दिवसांत, श्री देव रामेश्वराचा कौल घेऊन हे गाव तीन दिवस आणि तीन रात्री आपली घरे सोडते. माणसे जातात, त्यांच्याबरोबर गुरे, कुत्री, मांजरे आणि खुराड्यांतील कोंबडीही जातात. शिवेपलीकडे माळावर आणि झाडांच्या सावलीत झावळ्यांच्या झोपड्या व राहुट्या उभ्या राहतात. इकडे गावात बाजारपेठ ओस पडते, चुली थंड होतात, अंगणात पानांचा खच पडला तर तो तसाच राहतो. तीन रात्री सरल्यावर पुन्हा देवाला कौल लावतात आणि तो मिळाला की मंडळी माघारी फिरतात. शेजारच्या चिंदर गावी व वायंगणीतही ही रीत आहे. तेथे तिची फेरी तीन वर्षांनी येते. वैभववाडी तालुक्यातील शिराळे गावची गावपळण तर दरवर्षीची आहे, आणि त्या दिवसांत तेथील शाळाही शिवेपलीकडे झाडाखाली भरते.

ही प्रथा का पडली याचे स्पष्टीकरण ज्याचे त्याचे निराळे आहे. देवाची आज्ञा म्हणून, असे भाविक सांगतात. त्या रात्री गावात भुताखेतांचा वावर असतो, असे जुनी माणसे पोरांना सांगत आली आहेत. साथीच्या दिवसांत गाव रिकामे करण्याच्या जुन्या पद्धतीशी कोणी तिचा संबंध जोडतात. १८९६ नंतरच्या प्लेगात महाराष्ट्रातील कितीतरी गावांनी रानात झोपड्या घालून दिवस काढले, हे खरेच आहे. भुताची भीती वर्गात नेण्याचे कारण नाही. ती मुलांपाशी पुरेशी असते. शिक्षकाने पाहावयाचे ते या प्रथेचे कारण नसून तिची घडण होय.

ही घडण फार शहाणपणाची आहे. एरवी विसावा ही गोष्ट ज्याची त्याने उरल्या वेळात उरकावयाची असते, आणि उरला वेळ म्हणून काही नसतोच. घरी बसलेल्या माणसाला गळक्या कौलाची आठवण होते, गोठा दिसतो, न सारवलेले अंगण टोचते. शेजारी नारळ पाडताना दिसला की आपलेही नारळ पाडावयाचे राहिले आहेत, हे ध्यानात येते. गावपळणीत हे सारे एका शिवेने तोडून टाकले आहे. घरच डोळ्यांआड झाले म्हणजे घरचे काम हाक मारीत नाही. पुन्हा, जावयाचे ते सर्वांनी. सावकार मागे राहून हिशेब करीत बसला आणि मजूर तेवढा माळावर गेला, असे घडत नाही. म्हणून या तीन दिवसांत कोणी कोणाच्या पुढे जात नाही, कोणी मागे पडत नाही, आणि स्वस्थ बसल्याबद्दल कोणालाही मान खाली घालावी लागत नाही. दिवस उजाडावा, नदीवर आंघोळ व्हावी, मुलांनी झाडाला झोपाळे बांधावेत, रात्री भजन किंवा फुगड्या व्हाव्यात, असा तो क्रम असतो.

गावपळणीतही स्वयंपाक चुकत नाही, आणि तो बहुधा बायकांच्याच वाट्याला येतो, हे येथे सांगितले पाहिजे. परंतु तीन दगडांच्या चुलीवरचा स्वयंपाक हा चार घरांनी मिळून केलेला असतो. सारवण, लोटझाड, पडवी आणि खळे यांचा रगाडा तरी त्या दिवसांपुरता पाठीवरून उतरतो. कोकणातील एखाद्या गृहिणीच्या वर्षाकडे पाहिले, तर एवढेही तिला दुसऱ्या कोणत्या प्रसंगी मिळते हे शोधावेच लागेल. सण आला की तिचे काम दुप्पट होते. गणेशचतुर्थीस मुंबईहून चाकरमानी येतात ते सुट्टीवर, आणि त्यांच्या सुट्टीचा सारा भार घरच्या बाईवर पडतो.

‘पळण’ या शब्दात पळून जाण्याचा भाव आहे, आणि कामाच्या माणसाला तो बोचतो. विसावा घेणे म्हणजे कामचुकारपणा, अशी एक समजूत आपल्या समाजात, विशेषतः शिकलेल्या समाजात, घट्ट बसली आहे. ज्यांचे काम सर्वांत कष्टाचे, त्यांच्यात मात्र ती तितकीशी आढळत नाही. याचे उदाहरण मालवणच्याच किनाऱ्यावर आहे.

मृग नक्षत्राच्या सुमारास दांडी, वायरी, तारकर्ली, देवबाग या किनाऱ्यांवरील होड्या वाळूवर ओढून घेतल्या जातात आणि झापांनी शाकारल्या जातात. समुद्र खवळलेला असतो, हे एक कारण. दुसरे असे की याच काळात पुष्कळ जातींच्या माशांची वीण होते, आणि त्या वेळी जाळी टाकली तर पुढच्या हंगामावरच घाला पडतो. नारळी पौर्णिमेस बंदरावर समुद्राला नारळ अर्पण करावयाचा आणि मग होडी पाण्यात घालावयाची, ही रीत कायद्याच्या पुष्कळ आधीची आहे. कायदा आला तो १९८१ साली. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियमाच्या आधारे यांत्रिक नौकांना पावसाळी मासेमारीची बंदी घातली जाते. जून आणि जुलै मिळून एकसष्ट दिवस होतात. यात ध्यानात घेण्याजोगे असे की ही बंदी नारळी पौर्णिमेपर्यंत लांबवावी, अशी मागणी पारंपरिक मच्छीमारच वेळोवेळी करीत आले आहेत. ज्यांच्या घरी मासळीवाचून पैसा येत नाही, तेच अधिक दिवस थांबावयास तयार असतात. मात्र थांबावयाचे तर सर्वांनी, ही त्यांची अट असते. एकाने होडी झापाखाली ठेवावी आणि दुसऱ्याने यंत्र लावून समुद्र खरवडावा, याला ते विसावा म्हणत नाहीत. आणि ते बरोबरच आहे.

त्या दोन महिन्यांत कोळीवाड्यात कोणी लोळत पडलेला नसतो. जाळी दुरुस्त होतात, दोर पाहिले जातात, होडीला तेल दिले जाते. ज्याला भाताचा तुकडा आहे तो लावणीस लागतो. हाताला निराळे काम मिळाले आणि त्या कामाला घाई नसली, तर त्याने शरीर व मन दोन्ही ताजी होतात. निवांतपणा आणि निष्क्रियता या दोन वस्तू एक नव्हेत. तथापि याची दुसरी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. नौकेवर रोजंदारीने जाणाऱ्या खलाशाला या महिन्यांत मिळकत नसते. मासळी विकून घर चालविणाऱ्या बाईची पाटी रिकामी राहते, आणि ती उन्हाळ्यात वाळवून ठेवलेल्या सुक्या मासळीवर दिवस ढकलते. अशा घरातील मूल जुलै महिन्यात शाळेत येते तेव्हा वहीसाठी पैसे मागावयास ते कचरते. पोटाची काळजी असताना लाभलेली रिकामी वेळ हा विसावा नव्हे. विसाव्याला भाकरीचा आधार लागतो. म्हणूनच त्याचा प्रश्न आरोग्याच्या पुस्तकातील एका धड्यात संपत नाही; तो न्यायाचाही प्रश्न आहे.

हे मुंबईच्या गिरण्यांत फार लवकर उमगले. त्या गिरण्यांत रत्नागिरी जिल्ह्यातून गेलेले कामगार मोठ्या संख्येने होते, आणि आजचा सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ पर्यंत त्याच रत्नागिरी जिल्ह्याचा भाग होता. तेव्हा हा इतिहास परका नाही. एकोणिसाव्या शतकात गिरणीचा भोंगा दिवस उजाडताना होई आणि यंत्रे अंधार पडेपर्यंत चालत. साप्ताहिक सुट्टी नव्हती. महात्मा फुले यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि रविवारच्या सुट्टीची मागणी लावून धरली. १८९० च्या एप्रिल महिन्यात मुंबईत कामगारांची विराट सभा झाली, तीत स्त्री कामगारांनीही भाषणे केली. त्याच वर्षी १० जून रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली, आणि पुढच्या वर्षीच्या कारखाना कायद्यात साप्ताहिक सुट्टीला स्थान मिळाले. आज शाळेतील मूल शनिवारी दप्तर कोपऱ्यात टाकते तेव्हा रविवार आकाशातून पडला आहे असे त्याला वाटते. तो कोणी, केव्हा आणि कशासाठी मागून घेतला, हे इतिहासाच्या तासाला सांगण्यासारखे आहे. मागणी करणाऱ्यांनी ‘आम्हांला वेळ मिळाला की आम्ही विश्रांती घेऊ’ असे म्हटले नव्हते. त्यांनी वार ठरवून मागितला.

वार ठरवून मागणे आणि सर्वांनी मिळून तो पाळणे, ही किल्ली एकदा हाती आली म्हणजे शाळेकडे निराळ्या नजरेने पाहता येते.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणाऱ्या २००९ च्या अधिनियमाने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस व ८०० तास, आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस व १००० तास अध्यापन ठरविले आहे. साधा भागाकार केला तर लहान मुलाच्या वाट्याला दिवसाचे चार तास येतात. बाकीचा दिवस कायद्याने मुलाकडे ठेवला आहे. त्या दिवसाचे पुढे काय होते? शाळा सुटल्यावर शिकवणी, शिकवणीनंतर गृहपाठ, गृहपाठानंतर मोठ्यांच्या हातांतील भ्रमणध्वनी. आणि रात्री अकराच्या पुढे झोप. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत नऊ ते बारा तासांची झोप हवी, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. दिवसा शिकलेले जे मेंदूत कच्चे असते ते झोपेत पक्के होते. झोप तोडून केलेला अभ्यास म्हणजे भिजलेल्या भिंतीवर दिलेला चुना. राज्यपाल रमेश बैस यांनी २०२३ च्या अखेरीस मुलांच्या अपुऱ्या झोपेचा विषय जाहीरपणे काढला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असे ठरविले. त्याच वर्षी ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रमही आला. शासनाला मुलाच्या झोपेविषयी निर्णय काढावा लागला, यावरून घराघरांतील स्थिती काय आहे याचा अंदाज यावा.

किनाऱ्यावरील शाळांत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. रापण ओढावयाची असली म्हणजे भल्या पहाटे वाडीतील माणसे वाळूवर जमतात. होडीने अर्धवर्तुळ घेऊन सोडलेल्या लांबलचक जाळ्याचे दोन्ही दोर ओढावयास जितके हात मिळतील तितके हवेच असतात, आणि त्यांत दहा-बारा वर्षांचे हातही असतात. मुलाला त्याचा आनंद असतो; वाट्याची मासळी घेऊन घरी जाताना त्याची मान ताठ असते. तेच मूल साडेअकराला गणिताच्या तासाला पेंगते. त्याला उभे करून सर्वांदेखत लाजविणे सोपे आहे. आदल्या दिवशी ते केव्हा झोपले आणि पहाटे केव्हा उठले, एवढी चौकशी करणे त्याहून अवघड नाही. जत्रांच्या दिवसांतही हेच घडते. दशावतार रात्रभर चालतो, सारा गाव जागतो, आणि दुसऱ्या दिवशी हजेरीपट निम्मा रिकामा राहतो. जी मुले येतात त्यांच्यापुढे त्या दिवशी नवा धडा उघडून उपयोग नाही. रात्री पाहिलेल्या आख्यानावर त्यांना बोलू द्यावे, संकासुराचे चित्र काढू द्यावे. भाषेचा तास त्यानेही भरतो.

तासांच्या मधल्या मोकळ्या वेळेविषयीही थोडे सांगणे अवश्य आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेरमान एबिंगहाउस याने निरर्थक अक्षरे स्वतःच पाठ करून स्मरणशक्तीचे प्रयोग केले आणि ते १८८५ साली प्रसिद्ध केले. एकाच बैठकीत घोकण्यापेक्षा तीच उजळणी मध्ये अंतर ठेवून अनेक दिवसांत केली, तर थोडक्या श्रमात पाठ होते, असे त्याला आढळले. सतराचा पाढा एका दुपारी चाळीस वेळा म्हणवून घेणाऱ्या शाळेला हे अजून कळावयाचे आहे. फिनलंडमधील शाळांत साधारणतः पंचेचाळीस मिनिटांच्या पाठानंतर पंधरा मिनिटे मुले अंगणात सोडतात, मग बाहेर बर्फ का पडत असेना. आमच्याकडे अंगणही आहे आणि ऊनही आहे. तरी मधली सुट्टी कापून ‘मागे राहिलेला’ भाग पुरा करण्याचा मोह सुटत नाही. ज्या मुलांचे अभ्यासात लक्ष लागत नाही, त्यांचीच सुट्टी शिक्षा म्हणून काढून घेतली जाते, हे तर उलटेच झाले.

आता शिक्षकाविषयी. तो स्वतःविषयी सहसा बोलत नाही, आणि बोलला तर तक्रारखोर ठरतो. वर उल्लेखिलेल्या अधिनियमानेच शिक्षकासाठी आठवड्याचे पंचेचाळीस तास ठरविले आहेत, आणि त्यांत पाठाच्या तयारीचे तासही धरलेले आहेत. त्याच अधिनियमाच्या सत्ताविसाव्या कलमाने दशवार्षिक जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुकीचे काम एवढे सोडून अन्य अशैक्षणिक कामे शिक्षकाला देऊ नयेत, असे म्हटले आहे. कायद्याचे तास पंचेचाळीस. पण हातातील भ्रमणध्वनीला तास नाहीत. रात्री नऊ वाजता गटावर संदेश येतो की अमुक माहिती ‘तात्काळ’ भरावी. द्विशिक्षकी शाळेतील शिक्षिका त्या वेळी स्वतःच्या मुलाला जेवू घालीत असते, किंवा देवबागसारख्या टोकावरच्या गावाहून शेवटच्या गाडीने नुकतीच घरी पोहोचलेली असते. माहिती भरली जाते. झोप मोडते. दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला तिचा आवाज चढतो, आणि तो कोणावर चढतो हे सांगावयास नको. मुलांच्या विसाव्याचा विचार शिक्षकाला वगळून करता येत नाही, तो एवढ्याचसाठी.

या ठिकाणी एकट्या शिक्षकाने मनाची तयारी करून, प्राणायाम करून किंवा पहाटे फिरावयास जाऊन फार साधत नाही. हे उपाय चांगले आहेत. जेवणानंतरची वामकुक्षीही रविवारी जरूर घ्यावी. परंतु ज्याने रात्री संदेश पाहिला नाही तो एकटाच दुसऱ्या दिवशी निष्काळजी ठरणार असेल, तर पाहिल्यावाचून कोण राहील? आचऱ्याच्या माळावर जाताना अर्धे गाव मागे राहिले असते तर उरलेल्या अर्ध्याला माळावर झोप लागली नसती. म्हणून शीव आखावयाची ती सर्वांनी मिळून, आणि वरून खालपर्यंत. केंद्रातील शाळांनी मिळून ठरविले, आणि केंद्रप्रमुखांनी व गटशिक्षणाधिकाऱ्यांनी ते मान्य केले, की सायंकाळी अमुक वाजल्यानंतर आपत्तीवाचून संदेश पाठवावयाचा नाही आणि रविवारी माहिती मागवावयाची नाही, तर त्यास एक पैसाही खर्च येणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता आलेली माहिती रात्री अकरा वाजता आलेल्या माहितीहून बहुधा अधिक बिनचूक असते, हे ती संकलित करणारे लिपिकही सांगतील. शिवाय रात्री माहिती पोहोचली तरी ती पाहणारे कार्यालय सकाळीच उघडते.

शाळेपुरत्या काही गोष्टी मुख्याध्यापकाला आजही करता येतात. मधल्या सुट्टीची मिनिटे वेळापत्रकात तांबड्या शाईने लिहून ती कोणत्याही कारणास्तव कापली जाणार नाहीत असे ठरविता येईल. पहिली-दुसरीच्या मुलांना शालेय पोषण आहारानंतर पंधरा-वीस मिनिटे चटईवर आडवे होऊ देता येईल. झोप आली नाही तरी हरकत नाही. गृहपाठाचा एक दिवस रिकामा ठेवता येईल, आणि पालकसभेत त्याचे कारण सांगावे लागेल. कारण तक्रार प्रथम तेथूनच येते. दिवाळीच्या सुट्टीत चाळीस पाने शुद्धलेखन देण्याऐवजी घरच्या होडीचे, जाळ्याचे किंवा मांगराचे चित्र काढून आणावयास सांगता येईल, आणि ते कोणी आणले नाही तर त्याची नोंद ठेवली जाणार नाही, हेही आधीच सांगून ठेवता येईल. जून महिन्यात नवे वर्ग भरण्यापूर्वी प्रत्येक केंद्राच्या शिक्षण परिषदेत संदेशांच्या वेळेचा ठराव मांडला जावा, त्यावर मुख्याध्यापकांच्या स्वाक्षऱ्या व्हाव्यात आणि त्याची एक प्रत शाळेच्या दर्शनी फलकावर, वेळापत्रकाशेजारी लावली जावी.